खर्डा-भूम-उस्मानाबाद, विनाथांबा

मामा, काल तुमचं तेरावं झालं. आमटी पुरली. सकाळपासून माझा जीव त्या आमटीच्या पातेल्यात अडकला होता. सगळी वाडी जेवायला आली तर कसं व्हायचं, आणि कुणीच नाही आलं तर कसं व्हायचं. अशा दोन उलट्या काळज्या एकाच वेळी करणारी वाडीत मी एकटीच, असं तुम्ही म्हणायचात. "शोभा, तुझ्या पोटात कायम गाडी चुकल्यागत गोळा असतो." सासऱ्यानं सुनेला टोचून बोलावं तसं नाही, हसत म्हणायचात. एकोणीस वर्षं ऐकलं. आता तसं म्हणणारं कुणी नाही, आणि गोळा आहे तिथंच आहे.

अंगणवाडीच्या जुन्या हजेरीपटाची पाठकोरी पानं घेऊन लिहायला बसलेय. तुमचा जन्म कुठला, नोकरी किती झाली, हे यात लिहिणार नाही. ते काल गुरुजींनी माईकवर वाचलं, त्यातलं निम्मं चुकलं. तुम्ही असतात तर तिथंच उठून दुरुस्ती केली असती. मला तुमच्याशी एकाच गोष्टीचं बोलायचंय. कुठल्या ते तुम्हाला ठाऊक आहे. तीन महिने आपण एका घरात राहिलो, एका तव्यावरच्या भाकरी खाल्ल्या, आणि ती गोष्ट ना तुम्ही काढली ना मी.

भूमच्या बसस्टँडवरची ती तुमची जाळीची खिडकी मला लग्नाआधीपासून माहीत होती. कंट्रोलर म्हणजे खिडकीतला खाकी माणूस, ज्याला गाडी कधी येणार हे एकट्यालाच कळतं, एवढंच मला तेव्हा समजायचं. तुमच्या घरात सून म्हणून आले आणि तुमची खोड कळली. प्रियंका पोटात होती, मी माहेरी परंड्याला निघालेली. गाडी नऊ पंचवीसला आहे म्हणालात. मी पिशव्या घेऊन धापा टाकत स्टँडवर आले, तर गाडी उभी, ड्रायव्हर चहा पितोय, गाडी सुटली साडेनऊला. मी चिडले. तुम्ही खिडकीतून शांतपणे म्हणालात, "प्रवाशाला कायम पाच मिनिटं आधीची वेळ सांगायची. त्यानं गाडीची वाट बघावी. गाडी कुणाची वाट बघत न्हाय." मी म्हणाले, हे खोटं बोलणं झालं. तुम्ही म्हणालात, "खोटं न्हाय, काळजी." त्यावरून आपण दिवाळीपर्यंत वाद घातला होता, आठवतंय? आत्या सासू म्हणून मध्ये पडायच्या आणि दोघांनाही बोलायच्या.

मग तुम्ही निवृत्त झालात. मग आत्या गेल्या. त्यानंतरचं वर्ष मला आठवायला नको वाटतं. पहाटे पाचला उठून इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचात, कुठं जायचं नसायचं. मला भीती वाटायची की हे माणूस असंच बसल्या बसल्या संपणार. यांना म्हणजे तुमच्या लेकाला मी म्हणायची, मामांना काहीतरी काम द्या. ते म्हणायचे, म्हशीचं दूध डेअरीला घालायला सांगितलं तर डेअरीवाल्याच्या घड्याळाशी भांडून येतात, काय काम देऊ.

आणि एके दिवशी प्रियंकानं सुट्टीत येऊन तुमच्या फोनवर ते दाखवलं. माणसं राहतात असं एक मोठं यान आभाळात फिरतंय, दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतंय, आणि आपल्या वाडीवरून कुठल्या दिवशी किती वाजता जाणार ते आधी कळतंय. सगळं जग त्याला अंतराळ स्थानक म्हणतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून गाडीच म्हणालात. वेळापत्रक आहे, मार्ग आहे, आत माणसं आहेत, मग गाडी नाही तर काय. त्या संध्याकाळी स्लॅबवर गेलात आणि खाली आलात तेव्हा तुमचा चेहरा मी बघितला. "आली," म्हणालात. "एका मिनिटाचा फरक न्हाय. आयुष्यात एवढी वेळेवर गाडी बघितली न्हाय."

दुसऱ्या दिवशी भूमच्या बाजारातून लांबोळकं रजिस्टर आणलंत, स्टँडवर असायचं तसलं. रेघा मारून रकाने केलेत. तारीख. आली. गेली. पाहणारे. आणि स्वयंपाकघरात दुधाचं कॅलेंडर टांगलेलं असतं, त्याच्या चौकटींत पुढच्या वेळा लिहायला लागलात. पंधरा-पंधरा दिवसांच्या वेळा फोनमधून काढून बारीक अक्षरात. गाडी ज्या दिवशी वायव्येकडून, खर्ड्याच्या बाजूनं यायची त्या दिवशी तुम्ही जास्त खूश. ओट्यावरून मोठ्यानं म्हणायचात, "खर्डा-भूम-उस्मानाबाद, विनाथांबा." जिल्ह्याचं नाव बदललं तरी तुमच्या तोंडात उस्मानाबादच राहिलं. पाट्या बदलतात, रस्ता तोच असतो, म्हणायचात.

मग मला हाक. "शोभा, चल, गाडी यायली." आणि मी, "आले मामा, एवढी भाकरी." ती भाकरी झाली की दुसरी. मग पोषण आहाराची माहिती मोबाइलवर भरायची. मग कुणाचं तरी पोरगं तापलंय म्हणून आलेलं. तुम्ही दुसऱ्यांदा हाक मारायचा नाहीत. एकदाच मी वर आले, तेही चांगली दहा मिनिटं उशिरा, पिठाच्या हातानं. तुम्ही बोट केलंत. उस्मानाबादच्या बाजूला एक पांढरा ठिपका जात होता, बघता बघता तांबूस झाला आणि आभाळात मध्येच दिसेनासा झाला. "विझली?" मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "विझत न्हाय ती. आपल्याच पृथ्वीच्या सावलीत शिरली. पळायलीय अजून." मला एवढंच वाटलं की याच्यासाठी माझी भाकरी करपली.

आणि ती बॅटरी. खिशात मावणारी, दोन पेन्सिल सेलची. गाडी डोक्यावर आली की तुम्ही ती वर धरून तीनदा लावायचात, विझवायचात. स्टँडवरून रातची मुक्कामी गाडी निघाली की तुम्ही तसंच करायचात म्हणे, नियमात कुठं नव्हतं तरी. मी म्हणाले, मामा, एवढ्या उंचावरून त्यांना काय दिसणार. तुम्ही म्हणालात, "मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर तरी कुठं मागं वळून बघायचा. आपण दाखवायची. वर सात माणसं हायत, आपल्या घरादारापासनं लांब. खाली कुणीतरी हाय, एवढं आपल्या बाजूनं असू द्यावं." मी म्हशीला पेंड ठेवायला गेले.

आता त्या संध्याकाळचं.

दिवाळी झाली आणि ड्रोनची आवई उठली. कुठून उठली देव जाणे. चोर आधी ड्रोन सोडून घरं बघून जातात, मग दरोडा घालतात, असं प्रत्येकाच्या मोबाइलवर. आभाळात काहीही लुकलुकलं की आरडाओरडा. वाडीत गस्त सुरू झाली, काठ्या निघाल्या. शेजारच्या गावात एका चादरी विकणाऱ्या परक्या माणसाला लोकांनी लिंबाला बांधून मारलं. का, तर तो घरांकडं बघत होता. चादरी विकणारा घरांकडं नाही बघणार तर कुठं बघणार. ते ऐकल्यापासून मला झोप नव्हती. मी तुम्हाला म्हणाले, मामा, थोडे दिवस वर जाऊ नका. तुम्ही म्हणालात, "ड्रोन घूं घूं करतंय, लाल-हिरवं लुकलुकतंय. ही गाडी आवाज करत न्हाय, लुकलुकत न्हाय. लोकांना समजावून सांगू." मी म्हणाले, काठी हातात असलेल्याला समजावून सांगता येत नाही. तुम्ही म्हणालात, "माझ्याच वाडीतली पोरं हायत." आपला हा वाद अर्धाच राहिला, कारण गाडीची वेळ झाली होती.

तुम्ही वर गेलात. मी ओट्यावर जीव मुठीत धरून उभी. गाडी आली, बॅटरी लागली, विझली, लागली. आणि दहाच मिनिटांत दारात सात-आठ जण. पुढं भगवानभाऊ, गस्तीचा म्होरक्या, हातात ती नवी लांब बॅटरी, वर्गणी काढून आणलेली. तिचा झोत सरळ माझ्या तोंडावर.

"वहिनी, मामा रोज वर जाऊन बॅटरी कुणाला दावतेत?"

मला सगळं माहीत होतं. वेळापत्रक कॅलेंडरवर होतं, रजिस्टर कोनाड्यात होतं. आत बोलावून दाखवलं असतं. अंगणवाडीत चाळीस पोरांना पाऊस कसा पडतो ते मी सांगते, मला हे सांगता आलं नसतं असं नाही. पण मला काठ्या दिसत होत्या. मागून एक जण म्हणाला, "खाली बोलवा म्हाताऱ्याला, विचारू." आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"भाऊ, जाऊ द्या. आत्या गेल्यापासनं त्यांचं डोकं ठिकाणावर न्हाय. येड्यागत करतेत. कुणाला दावत न्हायत, वाऱ्याला दावतेत. म्हातारं माणूस हाय, हात जोडते."

भगवानभाऊंनी झोत खाली केला. कुणीतरी च्च केलं. "आधी सांगायचं न्हाय व्हय, वहिनी," म्हणाले आणि गेले. इतकं सोपं होतं ते. वेडा म्हणलं की सुटका.

मी वळले तर तुम्ही जिन्यात, शेवटून तिसऱ्या पायरीवर. किती वेळ उभे होता, हे मला आजवर कळलेलं नाही. खाली आलात, बॅटरी माझ्या हातात दिलीत. "ठेव," म्हणालात. एवढंच. मग हातपाय धुऊन जेवायला बसलात. दोन भाकरी खाल्ल्यात, रोजच्यासारख्याच. मी मोजत होते.

त्या रात्री मी बॅटरीतले सेल काढले. एक भिंतीवरच्या बंद घड्याळात घातला, दुसरा डब्यात टाकला. तुम्ही परत ती मागाल, मला द्यावी लागेल आणि पुन्हा तेच सगळं सुरू होईल, अशी भीती. तुम्ही मागितलीच नाहीत. स्लॅबवरही गेला नाहीत. वाडीत लोक तुमच्याशी हळू आवाजात बोलायला लागले, लहान पोराशी बोलतात तसं. "मामा, जेवला का? औषध घेतलं का?" तुम्ही म्हणायचात, "घेतलं." कसलंही औषध चालू नव्हतं तुम्हाला. रोज ठरवायची की आज बोलायचं. मामा, मी तुम्हाला वाचवायला बोलले. मामा, मी तसं समजत नाही. चहाचा कप पुढं करेपर्यंत वाक्य तयार असायचं आणि कप हातातून सुटला की जायचं.

आणि मग तुम्हीच गेलात. डॉक्टर म्हणाले हृदय, वय. मी त्यांना दोनदा विचारलं, मनाला काही लागलं तर असं होतं का. ते म्हणाले, ताई, तसं काही सांगता येत नाही. "नाही" म्हणाले असते तर मी सुटले असते, "हो" म्हणाले असते तर निदान रडता आलं असतं. सांगता येत नाही हे घेऊन मी तेरा दिवस फिरतेय.

कॅलेंडरकडं मी तेराव्याची तारीख मोजायला गेले होते. त्याच चौकटीत तुमचं अक्षर. "सायं. ७.१२. खर्ड्याकडून." तुम्ही जायच्या आदल्या दिवशी पुढच्या पंधरा दिवसांच्या वेळा लिहून ठेवल्या होत्यात. त्या प्रकारानंतरही लिहीतच होतात, मला वाटायचं हात थांबत नाही म्हणून. मी तिथंच उभी राहिले. मनात आलं, हेच करायचं. सगळी वाडी जेवायला येईल, त्यांनाच संध्याकाळी थांबवायचं, आभाळाकडं बघायला लावायचं. डोळ्यांनी दिसलं की त्यांनाच कळेल माणूस वेडा होता का शहाणा. मला तोंड उघडायला नको. हो मामा, हाही त्यातला हिशोब होता. भित्रं माणूस पुण्यसुद्धा आडून करतं.

हे नको म्हणत होते. "नाही दिसलं तर? माझ्या आबांना येडं म्हणलेच हायत, आता तुला म्हणतील." त्यांचं चूक नव्हतं. ढग आले तर, वेळ चुकली तर, तर तुमच्यावरचा तो शिक्का कायमचा. फोनवर एकदा वेळ ताडून बघावी, हे त्या गडबडीत मला सुचलंसुद्धा नाही. तुमच्या हातची वेळ होती ती. तुमच्या हातची वेळ कधी चुकलीय.

तर काल दुपारी पंगतीत वाढता वाढता मी प्रत्येकाला सांगितलं. "संध्याकाळी सातला शाळेच्या पटांगणात या. मामांची गाडी बघायची." काही जणांनी एकमेकांकडं बघितलं. भगवानभाऊ मान खाली घालून भात कालवत होते, "येतो" म्हणाले.

सातला चाळीसेक माणसं. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. भगवानभाऊंनीच जाऊन पटांगणातला मोठा दिवा बंद केला. आभाळ स्वच्छ होतं, तरी मला खर्ड्याच्या बाजूला सारखा ढग दिसत होता. कमरेला तुमची बॅटरी खोचलेली. सात दहा झाले. सात अकरा. मी म्हणाले, "आता तिकडं बघा सगळ्यांनी." सगळ्या माना तिकडं. सात बारा.

काही नाही.

सात तेरा. चांदण्या होत्या तिथंच होत्या. कुणीतरी खाकरलं. एक जण म्हणाला, "कुठाय?" दुसरा हळूच म्हणाला, "थांब की, दुखवट्यातलं माणूस हाय." मामा, तुमच्याशी बोलायचे तोच आवाज. तोच हळू, सांभाळून घेणारा आवाज आता माझ्यासाठी. यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. सात चौदा. मागच्या दोन बाया पदर सावरून वळायला लागल्या, त्यांच्या म्हशी धारेच्या होत्या. भगवानभाऊ जवळ येऊन म्हणाले, "वहिनी, ऱ्हाऊ द्या. तुमची माया कळली आमाला." आणि ते दिवा लावायला निघाले.

तेव्हा मला कळलं की आता काही येणार नाही. माझ्या वतीनं बोलायला आभाळातून कुणी येणार नाही. आणि लोक आता गेले की उद्यापासून मी ही गोष्ट कुणाला सांगणार नाही, हेही मला माझ्याबद्दल पक्कं माहीत होतं.

"भाऊ, थांबा," मी म्हणाले. आवाज फाटला. "सगळ्यांनी थांबा. गाडी दिसंल का न्हाय, मला म्हाईत न्हाय. पण मामा येडे नव्हते. त्या दिवशी दारात मी जे बोलले ते खोटं व्हतं. तुमच्या हातात काठ्या होत्या. त्यांना मार बसू नये म्हणून मी बोलले. अन् ते जिन्यात उभं राहून ऐकत होते. त्यांचं डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा ठिकाणावर होतं. मी भ्याले, म्हणून त्यांना येडं केलं. तुमी मानलं. एवढंच सांगायचं होतं. आता जा."

कुणी गेलं नाही. यांनी डोळ्यांना हात लावला. भगवानभाऊ दिव्याच्या खांबापाशी उभे, हात बटणापर्यंत गेलेला आणि तिथंच राहिलेला. मी पटांगणाच्या कडेला अंगणवाडीच्या पायरीवर बसले. बरं वाटलं असं लिहू का? नाही वाटलं. फक्त पोटातला गोळा जागचा हलला.

आणि शेजारच्या कौसाबाई म्हणाल्या, "ते काय गं, खर्ड्याच्या अंगाला?"

झाडांच्या वर एक पांढरा ठिपका होता. आधी नव्हता. तो वर येत होता. आवाज नाही, लुकलुकणं नाही, घाई नाही. बघता बघता इतका मोठा झाला की दुसरी चांदणी त्याच्यापुढं फिकी. सगळी माणसं मान वर करून हळूहळू गोल फिरत होती. मी पहिल्यांदा बघितली मामा, सुरुवातीपासून. डोक्यावर आली तशी मी कमरेची बॅटरी काढली, वर धरली, बटण दाबलं. लागेना. परत दाबलं. तेव्हा आठवलं की सेल मीच काढलेत. तरी मी दाबतच राहिले, खुळ्यासारखी. कुणीतरी माझ्या हातात जड काहीतरी दिलं. भगवानभाऊ होते, त्यांची ती गस्तीची लांब बॅटरी. "ही घ्या," म्हणाले. "कितींदा दावायची?"

"तीनदा," मी म्हणाले. दाखवली.

उस्मानाबादच्या बाजूला ती तांबूस झाली आणि गेली. "विझली का?" असं चौघा-पाचजणांनी विचारलं. मी सांगितलं, विझत नाही, पृथ्वीच्या सावलीत जाते. यावरून तुमच्याबद्दल मी काही गोड लिहिणार नाही मामा. गाडी दीड तासानं परत फिरते. तुमचा शर्ट खुंटीला आहे आणि तो तसाच राहणार आहे.

जाताना भगवानभाऊ थोडे घुटमळले. "त्या दिवशी आमी तरी कुठं नीट इचारलं," म्हणाले. मग म्हणाले, "पुढची गाडी कधी हाय?"

घरी आल्यावर माझ्या डोक्यात एकच. सात बारा लिहिलेली गाडी सात सतराला कशी आली. तुमची वेळ चुकली कशी. कोनाड्यातून रजिस्टर काढलं. इतके दिवस हात लावायचं धाडस झालं नव्हतं. कॅलेंडर खुंटीवरून काढून शेजारी ठेवलं आणि ताडून बघत गेले. कॅलेंडरवर सहा चाळीस, रजिस्टरात आली सहा पंचेचाळीस. कॅलेंडरवर सात तीन, रजिस्टरात सात आठ. प्रत्येक ठिकाणी. पाच मिनिटं, पाच मिनिटं, पाच मिनिटं. मी खाली बसले. प्रवाशाला कायम पाच मिनिटं आधीची वेळ सांगायची. ज्यावरून आपण एवढा वाद घातला ते वाक्य, आणि ऐन वेळी भीतीनं तेच माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं. मी एकदा दहा मिनिटं उशिरा येऊनही मला गाडीचं शेपूट दिसलं होतं, तेव्हाच कळायला हवं होतं. जीव घेतलात माझा त्या पाच मिनिटांत. पण ती मिनिटं नसती तर मी बोलले नसते, हेही खरं.

मग "पाहणारे" हा रकाना वाचला. "मी, प्रियंका." "मी. शोभा कामात." "मी. शोभा कामात." "मी. शोभा आली, उशिरा." त्या पुढं काढलेली बारीकशी बरोबरची खूण. मग परत "शोभा कामात." आणि दिवाळीनंतरच्या त्या संध्याकाळपासून प्रत्येक ओळीत, "मी. अंगणातून. बॅटरी नाही." मला वाटत होतं तुम्ही सोडून दिलंत. तुम्ही अंगणात कुठंतरी आडोशाला उभं राहून बघत होतात, माझ्या बोलण्याला खोटं पाडायला नको म्हणून गुपचूप. माझ्याच घरात, माझ्यापासून लपून.

त्यानंतर मी जे रडले ते तुम्ही गेलात त्या दिवशीही रडले नव्हते.

पण एक गोष्ट सांगते, बरोबर की चूक ते तुम्ही आता सांगू शकत नाही. रजिस्टरातली वेळ तुमची स्वतःची, म्हणून खरी. कॅलेंडरवरची प्रवाशासाठी, म्हणून पाच मिनिटं आधीची. ते कॅलेंडर चुलीच्या वर टांगलेलं असतं. तिथं दिवसभर मी एकटी असते. त्या संध्याकाळनंतरही, शेवटच्या दिवसापर्यंत, तुम्ही तिथं पाच मिनिटं आधीचीच वेळ लिहीत होतात. कुणासाठी, हे मला मी स्वतःच सांगितलंय, आणि ते मी खरं धरून चालणार आहे. चूक असलं तरी.

रजिस्टरात कालची ओळ मी भरली. आली ७.१७. गेली ७.२२. पाहणारे, वाडीतली चाळीसेक माणसं. त्यापुढं लिहिलं, "शोभा, सुरुवातीपासून." बॅटरीत नवे सेल घातले. घड्याळातला तसाच ठेवला, ते आता चालू आहे.

आज सकाळी प्रियंकाला फोन करून माझ्या मोबाइलवर त्या वेळा कशा काढायच्या ते विचारून घेतलं. भगवानभाऊ दूध घालायला जाताना परत विचारून गेले, पुढची कधी. म्हणून अंगणवाडीच्या बाहेरच्या फळ्यावर पुढच्या चार वेळा खडूनं लिहून आलेय. पाच मिनिटं आधीच्या.